कागदी सालीचं झाड आणि आमचं गाव

मुंबईतल्या एका जुन्या बागेतून मी मूठभर बोंडं आणली होती. हिंगणघाटात बोंड म्हटलं की कापसाचंच. ही मात्र मिऱ्याएवढी, लाकडासारखी टणक. झाड कायापुटीचं. त्याची पांढरी साल कागदासारखी थराथरांनी सुटते. रस्त्याकडेच्या बागांमध्ये दिसणारा लाल बॉटलब्रश याचाच जवळचा नातेवाईक. मला या झाडाचं बोन्साय करायचं होतं.

ही बोंडं फांदीवर वर्षानुवर्षं मिटून राहतात. फांदी तुटली, वाळली किंवा वणवा लागला की उघडतात. मी ती कागदी पाकिटात घालून उन्हाच्या खिडकीत ठेवली. काही दिवसांनी पाकिटाच्या तळाशी तपकिरी भुकटी जमली. हेच बी. ते पुरायचं नाही, मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवायची. माती खालून ओल ओढून घेते. वरून पाणी घातलं तर बी वाहून जातं. तीनेक आठवड्यांत मातीवर हिरवे ठिपके दिसले. झाड मुळात दलदलीचं, त्यामुळे आमच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात रोपं जगली ती त्या ताटलीमुळेच. डास होऊ नयेत म्हणून पाणी तेवढं सारखं बदलत राहिलो.

येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते 'ऑस्ट्रेलियाचं झाड' म्हणून दाखवायचो. वाचायला लागलो तेव्हा कळलं, गोष्ट इतकी सरळ नाही. हे झाड उत्तर ऑस्ट्रेलियात आहे, तसंच इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरही. सतराव्या शतकात डच कंपनीच्या नोकरीत असलेल्या रुम्फियसने तिथल्या झाडांची वर्णनं लिहिली. १६७०मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी दुसऱ्यांच्या हातून लिहवून घेत त्याने काम चालू ठेवलं. मलय भाषेत 'कायू पुतिह' म्हणजे पांढरं लाकूड. आपला 'कायापुटी' शब्द त्यातलाच. १७६७मध्ये लिनियसने या गटाला 'मेलाल्यूका' नाव दिलं, ग्रीकमध्ये 'काळं-पांढरं'. वणव्यात काळवंडलेलं खोड आणि वरच्या पांढऱ्या फांद्या, असा त्याचा अर्थ लावतात. कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचलं ते त्यानंतर तीन वर्षांनी.

रोपं जास्त झाली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "वणेच्या काठाले लावून दे नं बाबू, पाणी हाये तिथं." कल्पना मलाही आवडली. पण याच झाडाच्या एका चुलतभावाची हकीकत मी वाचली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये लोकांनी तो हौसेने आणला, दलदल सुकवायलाही लावला. तोडला किंवा जाळला की तो लाखो बिया सोडायचा. सुमारे दोन लाख हेक्टरांवर तो पसरला, आणि तिथलं गवत, पाणपक्ष्यांच्या जागा त्याखाली गेल्या. शेवटी १९९७मध्ये सरकारने ऑस्ट्रेलियातूनच त्याची पानं खाणारा भुंगा आणून सोडला.

बाहेरच्या बियाणाचे प्रयोग आमच्या गावानेही पाहिले आहेत. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. तेव्हा हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या कापसाला नाव होतं. त्याचं बियाणं खानदेशात नेऊन लावलं गेलं. पण पुढे आखूड धाग्याच्या, जास्त रुई देणाऱ्या जाती आल्या आणि ज्या कापसाला गावाचं नाव होतं तोच गावच्या शेतांतून मागे हटत गेला. हे कुणी कट करून केलं नाही. शेतकऱ्याने हिशेब केला, एवढंच.

म्हणून काकांना नाही म्हटलं. रोपं कुंडीतच राहतील. दर वर्षी मुळं छाटायची आणि कधी फुलं आली तर बोंडं धरायच्या आत खुडून टाकायची, असं ठरवलंय.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. हिंगणघाट म्हणजे हिंगणाच्या झाडांचा घाट, असं गावात सांगतात. हिंगण काटेरी, चिवट, आपल्या उन्हाला सरावलेलं झाड. त्याच्या फळाच्या गराने पूर्वी कपडे धुवायचे. एवढी वर्षं इथे राहून त्याचं एकही रोप मी लावलं नव्हतं. यंदा काकांनीच दोन फळं आणून दिली. ती पाण्यात भिजत घातली आहेत.