पहारेकऱ्यावरच घाला

वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसविला म्हणजे धनी निर्धास्त झोंपतो. परंतु चोराची पहिली गांठ त्या पहारेकऱ्याशींच असते. तो गुंगला कीं वाडा उघडा पडला. संगणकांच्या जाळ्यांच्या इतिहासांत हाच प्रश्न गेल्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला.

घुसखोरी आपोआप ओळखण्याची एक पद्धतशीर योजना डोरोथी डेनिंग या अमेरिकन विदुषीनें १९८७ सालीं मांडली. पुढें १९९८ च्या सुमारास मार्टिन रोश यांचा 'स्नॉर्ट' व व्हर्न पॅक्सन यांचा 'ब्रो' हे पहारेकरी पुढें आले. जाळ्यांतून जाणारा संदेश तपासावयाचा व त्यांत संशयास्पद कांहीं दिसतांच इशारा द्यावयाचा, हें त्यांचें काम. त्याच वर्षीं टॉमस प्टाचेक व टिमथी न्यूशॅम यांनीं एक निबंध लिहून दाखवून दिलें कीं, या पहारेकऱ्याची स्मृति आणि शक्ति मर्यादित आहे. ती संपविली कीं पहारा थांबतो, रहदारी मात्र चालूच राहते.

याचें प्रत्यंतर २००३ सालीं आलें. राइस विद्यापीठांतील स्कॉट क्रॉस्बी व डॅन वॉलक यांनीं 'ब्रो'च्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतींतील वैगुण्य हेरलें. नोंदी अनेक खणांत विखुरलेल्या असल्या तर हवी ती चटकन् सांपडते. पण मुद्दाम निवडलेले संदेश पाठवून सर्व नोंदी एकाच खणांत कोंबल्या, तर प्रत्येक वेळीं सारा ढीग उपसावा लागतो. टेलिफोनच्या तारेवरून जाईल त्याहूनही थोड्या रहदारीनें, अवघ्या सहा मिनिटांत, 'ब्रो' ७१ टक्क्यांपर्यंत संदेश न पाहतांच सोडूं लागला.

मार्च २००४ मध्यें तर 'विटी' नांवाची कीड 'ब्लॅकआइस' व त्याच्या भावंडांत, म्हणजे रक्षकांतच, शिरली. दोष जाहीर झाल्यानंतर सुमारें एका दिवसांतच ती पसरली, आणि सुमारें १२,००० संगणकांत घुसून तिनें तेथील सांठविलेली माहिती नासविली. ज्यांनीं सावधगिरी बाळगली, त्यांच्यावरच ही आपत्ति ओढवली!

२००६ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांतील रँडी स्मिथ, क्रिस्तियन एस्तान व सोमेश झा यांनीं 'स्नॉर्ट'ला एकाच संदेशाची तपासणी पुनःपुन्हां करावयास लावून त्याची गति १५ लक्ष पटींपर्यंत मंद करून दाखविली. एकदां केलेल्या तपासणीचा निकाल टिपून ठेवावा, हा उपायही त्यांनींच सुचविला.

नुसता इशारा देणारा पहारेकरी बाजूस उभा असतो. घुसखोरास अडविणारा मात्र थेट दारांत. हा दुसरा मूर्च्छित पडला तर दार उघडें ठेवावें कीं बंद? उघडें ठेवावें तर चोरास मोकळीक. बंद करावें तर पेढी, इस्पितळ, कचेरी यांचा व्यवहारच ठप्प, म्हणजे शत्रूचा हेतु आयताच सिद्धीस गेला. या पेंचाला सर्वत्र लागू पडणारें उत्तर नाहीं. म्हणून पहारेकरी किती तीक्ष्ण नजरेचा आहे एवढेंच पाहून भागत नाहीं; त्याला थकवूं पाहणाऱ्यापुढें तो किती वेळ टिकतो, हेंही पाहावें लागतें.