पेवातली ज्वारी

दुष्काळाची तजवीज करायला यवतमाळच्या शेतकऱ्याला एकेकाळी पैसा फारसा लागत नसे. माती, तुराट्या, कडुनिंबाचा पाला आणि सुगीनंतरची मेहनत एवढ्यावर भागे.

काळ्या जमिनीत ओल राहते, म्हणून धान्य साठवायचे पेव गावठाणातल्या उंच, पांढऱ्या मातीत खणायचे. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट खाली रुंद. आत जाळ करून भिंती वाळवायच्या, तळाला नि कडेने कडबा लावायचा, कडक उन्हात वाळलेली ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. बंद पेवातला प्राणवायू संपत जाई, त्यामुळे कीड तग धरत नसे आणि दाणा काही वर्षे टिके. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील खाली सोडायचा. ज्योत विझली तर थांबायचे. रोजच्या भाकरीची ज्वारी घरातच, शेणमातीने लिंपलेल्या कणगीत.

पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी भागातल्या कोलाम आदिवासींना जंगलाचाही आधार होता. उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहफुले टंचाईत पोटाला होत.

ही घडी कापसाने विस्कटली. 1861 ते 1865च्या अमेरिकी यादवीत तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर यवतमाळसह वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात पोचली. वावरात पऱ्हाटी वाढली, ज्वारीचा पैसा होऊ लागला आणि पेवात जाणारे धान्य बाजारात गेले. सर्वांत मोठा फटका भूमिहीन मजुरांना बसला. खळ्यावर मिळणाऱ्या धान्याऐवजी हाती रोकड आली, की भाव चढताच घरची चूल अडते. 1899-1900च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडात माणसे उपासमारीने मरत होती, तेव्हाही कापसाच्या गासड्यांबरोबर धान्य प्रांताबाहेर जात होते.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्याच पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा त्यांनी 1965मध्ये जाहीर पण केला. संकरित ज्वारीने उत्पन्न वाढले, हे खरेच. पण लवकर येणारे हे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडे, आणि बुटक्या ताटांचा कडबाही कमी निघे. 1972च्या दुष्काळात लोकांना तगवले ते सरकारी कामांनी आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीने.

आता वावरात कापूस नि सोयाबीन आहे, आणि खायची ज्वारी शेतकरीही विकत आणतो. रेशनचा आधार मोठा आहे, तो टिकायलाच हवा. पण पऱ्हाटीत ज्वारीची चार तासे पेरायला कर्ज काढावे लागत नाही. या हंगामात ती पेरा, आणि वर्षाची ज्वारी घरात आल्याशिवाय एकही पोते विकू नका.