प्रवचनपीठावरून विचारलेला प्रश्न

निरपराध माणसाला दोषी ठरविण्याचे काम न्यायासनावर सुरू होते, असा आपला समज असतो. दक्षिण फ्रान्समधील तुलूज नगरीत १७६१ साली ते आमच्या प्रवचनपीठावरून सुरू झाले. धर्मगुरूने हे लिहिणे काही वाचकांना रुचणार नाही, पण इतिहास रुचीप्रमाणे वाकवता येत नाही.

झाँ कालास हा ६३ वर्षांचा कापडव्यापारी पंथाने प्रॉटेस्टंट होता. त्या काळी फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना कायद्याने जवळजवळ स्थानच नव्हते. थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकला, परंतु वकिलीसाठी कॅथलिक असल्याचा दाखला लागे. तो न मिळाल्याने हा २८ वर्षांचा तरुण खिन्न होऊन बसला होता. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री घरची मंडळी एका तरुण पाहुण्यासह जेवली. मार्क-आंत्वान आधीच उठून खाली गेला होता. काही वेळाने खालच्या दुकानात तो मृत आढळला. गळ्याभोवती दोरीचा वळ होता.

घरच्यांनी प्रथम सांगितले, कोणीतरी त्याचा गळा आवळला. मागाहून ते म्हणाले, त्याने गळफास घेतला. आपल्याच जबानीत त्यांनी केलेला हा बदल त्यांना भोवला. पण त्यामागील कारण समजून घ्यावयास हवे. आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत पालथे घालून रस्त्यातून फरफटत न्यावे आणि मग लटकवावे, असा तेव्हाचा कायदा होता. मुलाची ती विटंबना टळावी म्हणून बाप खोटे बोलला.

दाराशी जमलेल्या गर्दीतून कोणीतरी ओरडले, की मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापाने त्याला मारले. नगरदंडाधिकारी दाविद द बोद्रिग यांना एवढे पुरेसे वाटले. जागेचा नीट पंचनामा न करताच त्यांनी सर्वांना कैदेत नेले.

पुढे सरकारी वकिलाने एक जाहीर आज्ञापत्र तयार केले आणि धर्माधिकाऱ्यांनी त्याला संमती दिली. आपल्याकडे लग्नापूर्वी वधूवरांची नावे जशी तीन रविवारी देवळात वाचून दाखवितात, तसे ते तीन रविवार सर्व धर्मग्रामांत वाचले गेले. ज्याला काही ठाऊक असेल त्याने पुढे यावे, नाही तर धर्मबहिष्कार भोगावा, अशी त्यात ताकीद होती. साक्षीदारांना आवाहन करण्यात वावगे काही नाही. परंतु हा तरुण कॅथलिक होणार होता हे कोणास ठाऊक आहे, त्याला मारण्याचा निर्णय एका घरात झाला हे कोणी ऐकले आहे, असे ते प्रश्न होते. त्याने स्वतःच जीव दिला असेल काय, हे त्यात कोठेच नव्हते. उत्तर आधी ठरले होते आणि श्रद्धावंतांनी केवळ त्याला दुजोरा द्यावयाचा होता. मग ऐकीव गोष्टी घेऊन माणसे रांगेने आली. एकाने दुसऱ्याकडून ऐकलेले, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. अर्धवट पुराव्यांची बेरीज करून पूर्ण पुरावा करण्याची त्या काळच्या न्यायपद्धतीत मुभा होती. तुलूजमध्ये पाव आणि अष्टमांश पुरावेही चालतात, असे व्हॉल्तेरने उपहासाने लिहिले आहे.

निकाल लागण्यापूर्वीच नोव्हेंबरमध्ये मार्क-आंत्वानला कॅथलिक विधीने, एखाद्या हुतात्म्याच्या थाटात पुरण्यात आले. आता न्यायाधीशांनी कोणत्या तोंडाने वेगळे म्हणावे?

खरी साक्ष घरातच होती. झान व्हिग्येर ही वृद्ध मोलकरीण निष्ठावंत कॅथलिक होती. कालासांचा दुसरा मुलगा लुई पूर्वीच कॅथलिक झाला होता, आणि त्याला त्या वाटेवर तिनेच नेले होते. तरीही कालासने तिला घरातून काढले नाही. लुईलाही तो पैसे देत होता. धर्मांतरासाठी पोटच्या पोराला मारणारा बाप असा वागेल काय? आपण सारे त्या रात्री एकत्र होतो, हे झान शेवटपर्यंत सांगत राहिली. पण तिलाच आरोपी केल्यामुळे तिच्या शब्दाला किंमत उरली नाही.

९ मार्च १७६२ रोजी १३ पैकी ८ न्यायाधीशांच्या मताने कालासला मृत्युदंड झाला. दुसऱ्या दिवशी आधी त्याचे हाल करण्यात आले. नंतर चाकावर त्याची हाडे मोडून दोन तासांनी गळा आवळण्यात आला आणि प्रेत जाळण्यात आले. त्याने ना गुन्हा कबूल केला, ना कोणाचे नाव घेतले. त्याच्यासोबत असलेल्या डोमिनिकन धर्मगुरूंनाही त्याच्या तोंडून निर्दोषत्वाखेरीज काही ऐकू आले नाही. इतरांना त्याच्या कटात दोषी ठरविणे मग न्यायाधीशांना जमेना. मुलगा पिएर याला हद्दपार करण्यात आले आणि बाकीचे सुटले. दोघी मुलींना मात्र कॉन्व्हेंटांत ठेवण्यात आले.

व्हॉल्तेर हा ख्रिस्तसभेचा मित्र नव्हे, उलट कडवा टीकाकार. सुरुवातीला त्यालाही कालासविषयी शंका होती. चौकशी केल्यावर मात्र त्याने हे प्रकरण हाती धरले आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जे काम तुलूजच्या एखाद्या धर्मगुरूने करावयाचे, ते त्याने केले, याची आम्हांला आजही बोच वाटते. ४ जून १७६४ रोजी राजाच्या मंत्रिपरिषदेने निकाल रद्द केला. ९ मार्च १७६५ रोजी, शिक्षेला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, पॅरिसमध्ये कालास, त्याची पत्नी, पिएर, पाहुणा आणि झान असे सर्वजण निर्दोष ठरले. पंधराव्या लुईने कुटुंबाला ३६,००० लिव्र दिले. बोद्रिग यांची नोकरी त्याआधीच गेली होती.

त्याच वर्षी कुटुंबाच्या मदतीसाठी कार्मोंतेल या चित्रकाराच्या चित्राच्या छापील प्रती वर्गणी घेऊन देण्यात आल्या. त्या चित्रात तुरुंगातील खोली आहे. पाहुणा तरुण खटल्याचा कागद वाचून दाखवीत आहे. विधवा आणि मुली ऐकत आहेत, आणि त्यांच्या मागे झान उभी आहे.