तबकडीवरची कामिनी

१९४९ साली ‘महल’मधले ‘आएगा आनेवाला’ गाजू लागले, तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, रेडिओने रेकॉर्ड कंपनीला विचारले, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. आज एकच गाणे दोन स्ट्रीमिंग सेवांवर ऐकले की, नाव निराळे लिहिलेले असल्याने, श्रवणाच्या नोंदींत पुष्कळदा त्याची दोन वेगळी गाणी होतात आणि खापर फुटते संगणकावर. पण हा दोष संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. ध्वनिमुद्रणाला चिकटवलेले नाव नेहमी तो माल हाताळणाऱ्याच्या सोयीने ठरत आले, आणि श्रोत्याचा हिशेब नंतर त्याच नावावर उभा राहिला.

१९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तिच्या ठसक्याचे कौतुक आजही होते, पण कारण बहुधा कारखान्यातले होते: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कामगारांना हे कुणाचे गाणे ते कळायला हवे होते. पुढे सीडी आली तीही मुकीच. १९८२च्या त्या तबकडीत सूर होते, नावे नव्हती. ती १९९३ पासून सीडीडीबी नावाच्या कोशात हौशी लोकांनी टंकून भरली, ज्याला जसे सुचले तशी. एमपी३ फाइलीत माहिती भरण्यासाठीच्या १९९६च्या आयडी३ या टॅगमध्ये कलाकाराच्या रकान्यात ३० अक्षरांची जागा होती. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी ही नावे रोमन लिपीत, मधल्या स्वल्पविराम आणि मोकळ्या जागांसकट, बरोबर ३० भरतात. संगीतकाराला रकानाच नाही! गायक, गाणे, अल्बम हा साचा पाश्चात्त्य पॉपच्या दुकानातला. चित्रपटगीत त्यात कोंबून बसवावे लागते. २००२ मध्ये साउदम्प्टनच्या रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्याने ऑडिओस्क्रॉबलरद्वारे ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, तीही टॅगमधल्या याच मजकुरावर.

कुणी म्हणेल, प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा १२ चिन्हांचा क्रमांक १९८६ पासून आहेच. आहे; पण ७८ आरपीएमच्या तबकड्या त्याच्या फार आधीच्या, आणि जुने मुद्रण नव्या संकलनात काढताना, नियम तसा नसला तरी, त्याला पुष्कळदा पुन्हा नवा क्रमांक दिला जातो. मग स्पेलिंगबाबत यंत्राने सैल व्हावे का? १९७७च्या व्हॉयेजर यानावरील संगीताच्या यादीत ‘केसर बाई’ अशी नावाची दोन शकले आहेत. ती केसरबाई केरकरांशी जोडायला सैलपणा उपयोगी पडेल. मात्र शीर्षकाच्या जागी नुसते ‘भैरवी’ असेल, तर तोच सैलपणा एका गायिकेच्या दोन निराळ्या मैफली एकत्र करील. अशी चूक अधिक वाईट, कारण फुटलेली नोंद निदान डोळ्यांना दिसते.

म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन कोशाने यावर शहाणी वाट काढली. तिथे लेबलवर छापलेले नाव आणि प्रत्यक्ष व्यक्ती वेगळ्या ठेवून एकमेकांना जोडता येतात. म्हणजे ‘कामिनी’ पुसावी लागत नाही आणि लताबाईही हरवत नाहीत. हे जोडकाम मात्र माणसेच करतात, एकेक नोंद हातात घेऊन, आणि स्ट्रीमिंग सेवांना नावे अजूनही माल पुरवणाऱ्या कंपन्यांकडूनच येतात.