थंडीतलं डिझेल इंजिन: मी खोडलेलं एक वाक्य

प्रबंधाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘थंडीचा प्रश्न हळूहळू सुटत गेला.’ ते वाक्य खोडावं लागलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. १९३६ च्या मर्सिडीज-बेंझ २६० डी मध्ये ज्वलन आधी सिलिंडर हेडमधल्या एका छोट्या कक्षात सुरू व्हायचं. थंडीत त्या कक्षाच्या गार भिंती हवेतली उष्णता खाऊन टाकत, म्हणून ग्लो प्लग तापेपर्यंत थांबायचं. अशा थांबण्याला जर्मन लोक थट्टेनं ‘रुडॉल्फ डिझेल स्मृती-मिनिट’ म्हणत. (आपल्याकडे श्रद्धांजलीला दोन मिनिटं लागतात!)

आता १९८९ ची आउडी १०० टीडीआय बघा. इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं. भिंतींना उष्णता कमी मिळते, त्यामुळे इंजिन सहज सुरू होतं आणि डिझेलही कमी लागतं. पण उष्णता वायाच कमी जात असेल, तर इंजिनाभोवतीचं पाणी तापणार कसं? गाडीतला हीटर तर त्याच पाण्यावर चालतो. म्हणून थेट इंधन सोडणाऱ्या डिझेल गाड्यांत पुढे विजेवर किंवा इंधनावर चालणारे जादा हीटर आले.

सुरू होणं वेगळं, गरम होणं वेगळं; मी दोन्ही ‘थंडीचा प्रश्न’ या एकाच शब्दात कोंबलं होतं. आता प्रकरणाचे दोन भाग केलेत. दुसरा भाग इंजिन सुरू झाल्यानंतर, ड्रायव्हरच्या गारठलेल्या पायांपासून सुरू होतो.