नाव नसलेले अवयव

प्राथमिक शाळेतल्या मुलाला त्याच्या शरीराविषयी काय सांगावे, हा प्रश्न महाराष्ट्रात नेहमी आधी न्यायालयात किंवा विधिमंडळात गेला आहे. वर्गात तो पोहोचतो फार उशिरा.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. या कार्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी आधीच गेली होती. १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवर. बचावाला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारत असतील तर जाणकाराने उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. दंड व्हायचा तो झालाच. कर्व्यांनी मात्र १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले. पण त्यांना प्रश्न विचारणारे होते पत्र लिहू शकणारे प्रौढ. सात वर्षांचे मूल पत्र लिहीत नाही.

२००७ साली किशोरवयीन शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम राज्यात आला, तेव्हा शिक्षकांच्या पुस्तिकेतल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि कार्यक्रमावर बंदी आली. तो होता नववी आणि अकरावीसाठी. प्राथमिक शाळेचा तर प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा तेरा राज्यांतल्या मुलांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. संस्कृतीची काळजी आणि ही आकडेवारी एकाच वर्षी छापली गेली, एवढेच येथे नोंदवतो.

पुढे २०१२चा पोक्सो कायदा आला, आणि त्यामागोमाग 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' प्राथमिक वर्गांतही. आम्ही त्याचे स्वागतच करतो. मात्र धोका शिकवला गेला, नाते नाही. ज्याला मूल 'काका' म्हणते, ज्याच्या हातचा खाऊ खाते, तो स्पर्श चांगल्यात घालायचा की वाईटात?

मराठीचे अध्यापक म्हणून आम्हांला याहून बोचते ती शब्दांची अडचण. अवयवांसाठी आपल्याकडे एक तर कोशातले संस्कृत शब्द आहेत, नाही तर शिव्या. मधले काहीच नाही. घरोघरी 'शूची जागा' यावर काम भागते. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या शहरात ही अडचण दुणावते. १९७०मध्ये चार गावांची नगरपालिका आणि १९८२मध्ये महापालिका झालेल्या या शहरात मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्यांची मुले एका बाकावर बसतात. महापालिकेच्या शाळांतही मराठीबरोबर हिंदी, उर्दू माध्यम आहे. प्रत्येक घरचा आडपडद्याचा शब्द निराळा. एकाच्या घरातले लाडाचे नाव दुसऱ्याच्या घरात शिवी ठरते, आणि ते उच्चारणारे मूल बाईंकडून दटावले जाते.

पोक्सोच्या चोविसाव्या कलमानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो; जबाब घेणाऱ्याने गणवेशात असू नये, असेही कलमात आहे. मुलाने जे सांगितले तेच लिहून घ्यावे, असे पुढचे कलम म्हणते. तिथे ते मूल कोणता शब्द वापरील, हे मात्र आधी कुणीतरी त्याला दिलेले असावे लागते. आणि शरीराच्या भागांच्या तक्त्यात डोके, हात, पोट, गुडघे आहेत, मधला भाग अजून कोराच आहे.