टवका, खडी आणि नालबंदी

गेल्या महिन्यात एका शनिवारी भिगवणला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. पक्षी दिसले, उजनीच्या पाण्याकाठची कोरडी जमीन थारखाली घालून हौस भागवली, भिगवणचे मासे खाल्ले आणि बारामतीमार्गे सुप्याकडून पुण्याला परत आलो. रविवारी सकाळी गाडी धुताना दिसलं की बॉनेटच्या पुढच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा टवका उडालाय. लाल रंग गायब, आत राखाडी ठिपका. गाडी जेमतेम चार महिन्यांची!

चिखल, धूळ, काट्यांचे ओरखडे हे सगळं थारला शोभून दिसतं. टवका नाही शोभत. तो घेतला नाही, कोणीतरी दिला असं वाटत राहतं. रंगाचं काम करणाऱ्या एका दुकानात गेलो, तर तिथल्या पोराने पूर्ण गाडीला फिल्म लावायचे दीड लाख सांगितले. दीड लाख! घरी येऊन नेहमीसारखा वाचत बसलो आणि रंगावरून घसरत घसरत पोचलो थेट मराठेशाहीत. मंडळी, आजचा लेख त्या घसरणीचा आहे.

बारामतीचा परिसर म्हणजे जुनी भीमथडी. नावातच भीमेची थड, म्हणजे काठ. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी तट्टं मराठी फौजेत नावाजलेली होती. उंचीला बेताची, खायला कमी, पण दिवसभर दगडधोंड्यातून चालतील अशी. (थोडक्यात, त्या काळची फोर बाय फोर.) फौजेत स्वार दोन प्रकारचे. बारगिराला घोडं सरकार द्यायचं, शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन यायचा. या शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळायची तिचं नाव होतं नालबंदी. शब्दशः घोड्याला नाल ठोकायचा खर्च. प्रत्यक्षात त्यात बरंच काही यायचं, पण नाव पडलं ते नालेवरून, कारण दख्खनच्या दगडावर पहिलं झिजतं ते खूर. म्हणजे वाहनाला दगड लागणार हे गृहीत धरून त्याची तजवीज आधी करायची, ही कल्पना इथे शेकडो वर्षं जुनी आहे आणि तिचे पैसे सरकार देत होतं. आमच्या एचआरला हे कोणीतरी सांगा :-)

आता दगडाकडे. आपल्या पायाखालचा काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. कठीण, आणि फोडला की धारदार कडा देणारा. रस्त्याला याच्याइतका चांगला दगड नाही आणि रंगाला याच्याइतका वाईट नाही.

हा दगड फोडून रस्ते करायची पद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जॉन मॅकॅडम (१७५६-१८३६) हा स्कॉटिश माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं: खाली मोठे धोंडे रचायची गरज नाही, एकसारख्या लहान खडीचा थर द्या, वरच्या रहदारीने ती आपोआप एकमेकांत घट्ट बसते. सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा जड दगड त्याला चालत नसे. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती. खडी उभ्याने घण घालून फोडायची नाही, बसून लहान हातोडीने फोडायची; म्हणजे बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांना हे काम देता येतं. त्याच्या दृष्टीने ही काटकसर होती. पुढे दुष्काळात सरकारला नेमकं असंच काम हवं असायचं: कुठेही काढता येईल, कोणीही करू शकेल आणि मोजून पैसे देता येतील असं.

१८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळात तेच झालं. भीमथडी आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. सावकारांच्या वह्या जाळणारा दंगा आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्यात पेटून चुकला होता. म्हणजे घरात काही शिल्लक नसतानाच पाऊस गेला. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. १८७७ च्या सुरुवातीला मजुरांनी कामं सोडून दिली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं काम सुरू झालं. १८८५ च्या सुमारास पाणी आलं, आणि तेव्हापासून या दोन तालुक्यांच्या मधून एक रेघ गेली. कालव्याच्या खाली ऊस, वर कुसळं.

पण तेव्हाच्या रस्त्यावरची खडी कोणाच्या रंगावर उडत नव्हती. एक तर रंग नव्हता. दुसरं म्हणजे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती खडी दाबते, थोडी भरडते, आणि त्या भुकटीने रस्ता उलट घट्ट होतो. मॅकॅडमचं सगळं गणित या धावेवर उभं होतं. मग आला हवेचा रबरी टायर, आणि वेग. वेगाने फिरणारा टायर ती भुकटी शोषून मागे फेकतो. सांधणारा मसाला गेला की खडी सुटी. धुळीला कंटाळून १९०२ मध्ये एडगर हूली याने टारमॅकचं पेटंट घेतलं आणि डांबर लावून खडी चिकटवायची कल्पना सगळीकडे पसरली. थोडक्यात, डांबरी रस्ता हा मोटारीने केलेल्या बिघाडावरचा पॅच आहे. आणि पॅच कसा टिकतो हे तुम्हाला-मला नव्याने सांगायला नको.

इथे इंदापूर तालुक्याचा एक माणूस मध्ये येतो, म्हणजे कर्माने इंदापूरचा. वालचंद हिराचंद. सोलापूरच्या व्यापारी घरातला हा मुलगा लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घेऊ लागला. रूळ, बोगदे, दगडकाम. पुढे नीरेच्या पाण्यावर कळंबजवळच्या माळावर त्यांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, तेच आजचं वालचंदनगर. आणि याच माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज-प्लिमथ, नंतर फियाट, आणि शेवटी आपली पद्मिनी. दगडापासून सुरुवात करून मोटारीपर्यंत गेलेला दुसरा असा माणूस मला तरी माहीत नाही.

जीप मात्र दुसऱ्या दारातून आली. १९४७ साली महिंद्राने विलीजची जीप भारतात आणली आणि पुढे मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू झाली. मूळची युद्धातली गाडी. तिला मुद्दाम चकाकी नसलेला हिरवट रंग द्यायचे, उन्हात चमकून शत्रूला दिसू नये म्हणून. टवका उडाला तर डब्यात ब्रश बुडवून फासायचा, विषय संपला. शिवाय ती चालायचीच हळू. टवक्याच्या बाबतीत वेग हीच खरी गोष्ट आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ६० च्या जागी १०० ने गेलात तर तोच खडा पावणेतीन पट जोराने बसतो. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा खडा आपल्यावर येतच नाही! पुढच्या गाडीच्या टायरमधून सुटलेला खडा नुसता वर उडून हवेत लटकल्यासारखा असतो. आपण जाऊन त्याला धडकतो. त्यातून थारचं तोंड हे विलीजसारखंच, सपाट आणि उभं. उतरत्या बॉनेटवरून खडा घसरून जातो, आमच्याकडे तो पूर्ण ताकदीनिशी मुक्काम करतो.

आता रंगाबद्दल. सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखं ब्रशने व्हार्निश लावत आणि ते वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँट कंपनीने ड्यूको नावाचा झटपट वाळणारा लॅकर काढला. आपल्याकडे सुतार अजून 'ड्युको मारून देतो' म्हणतो तो हाच शब्द. चकाकी आली, रंगीत गाड्या आल्या, पण लॅकर कडक, त्यामुळे टवके उडणारच. खरी क्रांती दिसत नाही ती आहे. १९६० च्या दशकात फोर्डने गाडीचा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडायची पद्धत आणली. विजेमुळे रंग कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन पत्र्याला धरतो. आज त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढे होतील तेवढं. या दोन केसांसाठी आपण रविवार घालवतो.

माझ्या टवक्यात जो राखाडी दिसला तो प्रायमर होता. म्हणजे पत्रा अजून झाकलेला, गंज नाही. (चकचकीत धातू दिसला तर मात्र थांबू नका, त्याच आठवड्यात टचअप करा.) कारखान्यांत याची परीक्षासुद्धा असते. हवेच्या दाबाने रंगवलेल्या पत्र्यावर मापाची खडी फेकतात आणि टवके मोजतात. तिकडची खडी बहुधा भीमथडीची नसावी.

आणि ती दीड लाखाची फिल्म? तिचा जन्म व्हिएतनाम युद्धातला. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने खरवडल्या जायच्या, म्हणून त्यांवर पॉलियुरेथेनची पट्टी चिकटवू लागले. तीच पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आणि मग आपल्या बॉनेटवर आली. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे रंगाच्या सगळ्या थरांपेक्षा जास्त! ती कडक नसते, लवचिक असते. खड्याचा मार खाऊन दबते आणि परत येते. सिरॅमिक कोटिंगने हे होत नाही. तो थर काही मायक्रॉनचा, धूळ-पाण्याला छान, खड्यापुढे शून्य. दुकानातली पोरं हे स्वतःहून सांगत नाहीत.

हे सगळं मी आजीला सांगत होतो. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, कालव्याच्या वरच्या बाजूचं. आजी हल्ली आमच्याकडे पुण्यात असते. तिला खाली पार्किंगमध्ये नेऊन टवका दाखवला. तिने बोट फिरवून बघितलं.

"एवढंच व्हय? आमच्या डोळ्यात उडायची रं."

बहात्तर साली ती खडीवर होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण 'खडीवर होती' या दोन शब्दांपलीकडे मी कधी विचारलं नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सरकारी कामं निघाली आणि मे १९७३ मध्ये त्यांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, बांध, रस्ते आणि खडी. त्यातूनच रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा झाला, आणि २००५ चा देशभराचा कायदा त्याच धर्तीवर बेतला गेला. हे मला वाचून माहीत होतं. आजीला माहीत होतं ते वेगळं. खडीचा ढीग चौकोनी लावायचा, मग साहेब येऊन फूटपट्टीने मोजणार. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. हातोडी बोथट झाली की दिवस वाया. सुकडी मिळायची, ती अर्धी खायची, अर्धी पदरात बांधून पोरांना न्यायची. आणि कपच्या. काळा दगड फुटताना बारीक कपची सुटते ती सरळ तोंडावर. म्हणून चिंध्यांचं गोल कडं करायचं, त्यात दगड ठेवायचा आणि मग हाणायचा, म्हणजे कपची कड्याला अडते. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने घाईत कडं ठेवलं नाही, तिचा डावा डोळा गेला. "ब्रास भरायचा हुता तिला," आजी म्हणाली.

चिंध्यांचं कडं. लवचिक, स्वस्त, कपचीचा मार खाऊन घेणारं. आणि ज्या खडीला ब्रासने पैसे होते तिथे चष्मा कोणी दिला नव्हता. शिलेदाराच्या घोड्याला नालबंदी होती. खडी फोडणाऱ्या बाईच्या डोळ्याला काही नव्हतं.

त्या वेळी फोडलेली बरीच खडी रस्त्याला लागलीच नाही, तशीच कडेला ढिगांनी पडून राहिली, ही टीका नंतर खूप झाली. पाण्याची कामं काढायला हवी होती, खडी नको, हे म्हणणंही पटतं. आजीची खडी मात्र लागली असं ती छातीठोकपणे सांगते. गेल्या रविवारी तिला घेऊन गावाकडे गेलो. तिने दाखवलेला रस्ता आता दुप्पट रुंद झालाय, वर डांबराचे किती थर चढले देव जाणे. ती काचेतून बघत होती, पण नेमकी जागा काही तिला सापडली नाही. बाभळ होती म्हणे तिथे. पुढे उसाची रिकामी ट्रॉली धडधडत चालली होती, मी बराच मागे राहिलो.

पूर्ण फिल्म लावायचा बेत रद्द. पुढच्या कडेला आणि दारांखालच्या पट्टीला, जिथे आपलीच पुढची चाकं खडी मारतात, तेवढ्यालाच लावतोय. टवका बारीक ब्रशने स्वतः भरला, जवळून बघितलं तर कळतो. मडफ्लॅप घेऊन ठेवलेत, येत्या शनिवारी बसवेन.